रजेवर दुखणे 'झाले' की 'वाढले'? डिस्चार्जच्या कागदांतील एका ओळीच्या दुरुस्तीबाबत

माणदेशी जवान:

सर्वांना राम राम.

मी १९९५ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पायदळात शिपाई म्हणून भरती झालो आणि २००३ साली वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावरून, म्हणजे फौजेत म्हणतात तसा 'बोर्ड आउट' होऊन, घरी परत आलो. एकूण सेवा आठ वर्षे आणि काही महिने भरली. पेन्शन मिळाली नाही. ग्रॅच्युइटीची रक्कम मिळाली, त्यातून विहीर खोल केली आणि आजवर त्या विहिरीवरच संसार चालला. आता पन्नाशी आली आहे. हा धागा पैशासाठी काढला आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही, पण ते निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे कारण सांगण्यासाठी आधी घडले ते सांगतो.

१७ फेब्रुवारी २००१ रोजी मी उत्तर काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळच्या एका चौकीवर होतो. रॉकेलचा वीस लिटरचा जेरीकॅन पाठीवर बांधून आम्ही चौघे खालच्या रेशन पॉइंटवरून वर चढत होतो. वाटेवर आदल्या रात्रीचे बर्फ घट्ट झाले होते. माझा पाय सटकला आणि मी जेरीकॅनसकट नाल्यात पाठीवर पडलो. जेरीकॅनची कड कमरेच्या बरोबर मध्यभागी रुतली. पुढच्या साथीदाराने दोर टाकून वर घेतले. चौकीवरच्या नर्सिंग असिस्टंटने इंजेक्शन दिले आणि तीन दिवस 'अटेंड सी', म्हणजे पूर्ण विश्रांती, लिहिली. हाड मोडलेले नव्हते, वाट बंद होती, त्यामुळे खाली नेण्याचा प्रश्नच आला नाही. इजेचा अहवाल म्हणून जो फॉर्म भरायचा असतो, तो भरला गेला नाही. त्या वेळी मलाही त्याचे महत्त्व माहीत नव्हते. चौथ्या दिवशी मी ड्यूटीवर उभा राहिलो.

८ एप्रिलपासून वार्षिक रजा सुरू झाली. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला अंथरुणातून उठताच येईना, डावा पाय बधिर झाला. थोरल्या भावाने जीपच्या मागच्या बाकावर आडवे घालून लष्करी रुग्णालयात नेले. २९ एप्रिलला मला दाखल करून घेतले. पुढे मणक्यातील चकतीचे ऑपरेशन झाले, दोन वर्षे निम्न वैद्यकीय श्रेणीत काढली आणि २००३ मध्ये मंडळासमोर उभा राहिलो.

मंडळाच्या आदल्या दिवशी एका कर्मचाऱ्याने माझे निवेदन लिहून घेतले. त्याने हिंदीत विचारले, "तकलीफ कब बढ़ी?" मी म्हणालो, "छुट्टी में." त्याने इंग्रजीत काहीतरी लिहिले आणि मी खाली सही केली. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, तेही मराठी शाळेतले. काय लिहिले आहे हे विचारण्याचे धाडस झाले नाही, आणि खरे सांगायचे तर विचारावे असे सुचलेही नाही.

गेल्या वर्षी माहितीच्या अधिकारात अर्ज करून मी माझे वैद्यकीय कागद मागवले. चौदा पाने आली. मुलगी बारावीला आहे, तिने ती वाचून दाखवली. सातव्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, इथे लिहिले आहे की तुम्हाला इजा रजेवर असताना झाली." त्याच्या खाली तीन प्रश्न आहेत. अपंगत्व सेवेमुळे उद्भवले काय? नाही. सेवेमुळे बळावले काय? नाही. सेवेशी संबंध नाही काय? होय, संबंध नाही. टक्केवारी १५ ते १९.

माझे दुखणे रजेवर वाढले होते. झाले होते चौकीच्या वाटेवर. या दोन क्रियापदांच्या मध्ये माझी बावीस वर्षे गेली आहेत.

उरलेले निम्मे कारण आता सांगतो. गावात मला सगळे फौजी म्हणतात. पंधरा ऑगस्टला शाळेत नारळ फोडायला बोलावतात. परंतु राज्य शासनाने माजी सैनिकांना घरपट्टीत माफी दिली, तेव्हा दाखला आणायला सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तर तिथल्या लिपिकाने अतिशय नम्रपणे व्याख्या वाचून दाखवली. वैद्यकीय कारणाने मुक्त झालेला माणूस माजी सैनिक ठरण्यासाठी ते कारण सेवेशी निगडित किंवा त्याच्या हाताबाहेरचे असावे लागते आणि त्याला अपंगत्वाची वा वैद्यकीय पेन्शन मंजूर झालेली असावी लागते. मला ती नाही. म्हणजे कागदाप्रमाणे मी माजी सैनिकच नाही. तो लिपिक चुकीचे काहीच बोलला नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

ही ओळ दुरुस्त होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणाकडे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना हेडक्लार्क:

जवानसाहेब, राम राम. मी तेवीस वर्षे लष्करी दप्तरात काढली आहेत, त्यामुळे कागदांविषयी जे ठामपणे सांगता येते तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट काळाची आहे आणि ती तातडीची आहे. ज्यांना पेन्शन नाही, अशा सैनिकांची सेवाविषयक कागदपत्रे मुक्त झाल्यापासून २५ वर्षे ठेवतात आणि त्यानंतर नियमानुसार नष्ट करतात. मागे उरतो तो फक्त लाँग रोल, ज्यात नाव, क्रमांक, भरतीची व मुक्ततेची तारीख आणि कारण अशा मोजक्या नोंदी असतात. आपण २००३ मध्ये बाहेर पडलात, म्हणजे २०२८ मध्ये आपली मुदत भरते. सैनिकांचे दावे चालवणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे आलेल्या कितीतरी प्रकरणांत सरकारी बाजूचे उत्तर एका वाक्याचे असते: कागद मुदत संपल्याने नष्ट केले आहेत. आपल्याला चौदा पाने मिळाली हे भाग्य समजा आणि उरलेले सगळे आताच मागवून घ्या.

काय मागवायचे? भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, शीट रोल (सैनिकाच्या सेवेचा तपशील असलेला कागद), त्या काळातील सर्व पार्ट टू ऑर्डर (म्हणजे सैनिकाच्या नोंदीतील बदल प्रसिद्ध करणारे आदेश; यात रजेवर गेल्याची आणि रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख छापलेली असते), दरम्यानच्या प्रत्येक श्रेणी-मंडळाची कार्यवाही, आणि मुक्ततेच्या मंडळाची संपूर्ण कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ १६ हा फॉर्म त्याच्या सर्व जोडपत्रांसह. युनिटच्या सिक रिपोर्टचे पुस्तक इतकी वर्षे टिकलेले नसेल, तरीही मागा. 'उपलब्ध नाही' असे लेखी उत्तर मिळणे हाही एक कागद असतो. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. स्वतःचे वैद्यकीय कागद मागताना 'दुसऱ्याची खासगी माहिती' हा नकार लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट समजुतीची आहे. लष्करी नोंदीत खाडाखोड करून दुरुस्ती होत नाही. नावाची स्पेलिंग किंवा जन्मतारीख यांसारख्या बाबी पार्ट टू ऑर्डर काढून बदलतात. वैद्यकीय मंडळाचे मत मात्र दप्तरातील कोणीही बदलू शकत नाही. मी जागेवर असताना असे कितीतरी अर्ज येत आणि आम्ही तेच छापील उत्तर पाठवत असू. त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसला 'माझी नोंद दुरुस्त करा' असे दहा अर्ज करून दोन वर्षे घालवू नका. तिथून आपल्याला हवेत ते फक्त कागद.

न्यायपथ:

मी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे वकिली करते. हेडक्लार्कसाहेबांनी वाट नेमकी दाखवली आहे. मी तिथून पुढचे सांगते.

अमेरिकेत १९४६ च्या कायद्यानंतर लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी नागरी सदस्यांची स्वतंत्र मंडळे स्थापन झाली. माजी सैनिक एक ठरावीक अर्ज भरून 'ही नोंद चुकीची किंवा अन्यायाची आहे' असे थेट मांडू शकतो. आपल्याकडे असे मंडळ नाही. आपल्याकडे नोंदीची दुरुस्ती पेन्शनच्या दाव्याच्या पोटातून करून घ्यावी लागते: नाकारलेल्या दाव्यावर अपील, दुसरे अपील, आणि तरीही न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले न्यायाधिकरण. मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा येतो आणि निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठात अर्ज करू शकतो, त्यामुळे आपल्याला दिल्लीला जाण्याची गरज नाही.

आपल्या बाजूने कायदा बराच उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात जो निकाल दिला, तो आज या क्षेत्रातील पाया मानला जातो. ते १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्वासह त्यांना घरी पाठवले, आणि 'सेवेशी संबंध नाही' एवढाच शेरा मंडळाने मारला. कारण दिले नाही. न्यायालयाने अपंगत्व पेन्शनचे १९८२ चे पात्रता नियम उलगडून सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतून वैद्यकीय कारणाने मुक्त करताना आढळला, तर प्रकृतीतील बिघाड सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे, ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, आणि रास्त शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा. २०१५ च्या राजबीर सिंग प्रकरणात हेच पुन्हा ठामपणे सांगितले गेले.

आपली टक्केवारी वीसच्या खाली दाखवली आहे, तिच्यावरही उत्तर आहे. सुखविंदर सिंग प्रकरणात २५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याला अपंगत्वामुळे सेवेतूनच काढून टाकले, त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिक होते असेच धरावे लागेल आणि त्याला ५० टक्के दराने पेन्शन मिळावी. विचार सरळ आहे. जे अपंगत्व माणसाची नोकरी घालवण्याइतके मोठे होते, ते पेन्शनच्या वेळी लहान कसे झाले?

आता अडचणी. न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. ती आपली कधीच उलटून गेली. परंतु पेन्शन हा दरमहा चालू राहणारा अन्याय मानला जातो, त्यामुळे विलंब माफ होऊ शकतो. त्याची किंमत अशी की २००८ च्या तारसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आपली बावीस वर्षांची थकबाकी मिळेल असे मी सांगणार नाही, आणि जो वकील तसे सांगेल त्याच्याकडे आपण जाऊ नये.

दुसरी अडचण म्हणजे वरचे गृहीतक सर्वत्र आपोआप चालत नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात मानसिक आजाराबाबत न्यायालयाने सैनिकाच्या विरुद्ध निकाल दिला, कारण तो आजार भरतीच्या तपासणीत ओळखता येण्यासारखाच नव्हता. आणि रजेवरील अपघातांबाबत तर न्यायालये काटेकोर आहेत. २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात रजेवर असताना झालेल्या स्कूटर अपघाताचा सेवेशी संबंध नाही असे ठरले. म्हणून आपल्या प्रकरणात ती सातव्या पानावरची ओळ सगळ्यात घातक आहे. ती तशीच राहिली, तर समोरचे वकील धरमवीर सिंगवर बोलणारच नाहीत. ते फक्त ती ओळ आणि तिच्याखालची आपली सही दाखवतील.

रायगडवारा:

मी स्वतः सैनिक नाही, पण वाचून एक प्रश्न पडला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे गृहीतकाच्या आधारे पेन्शन मिळण्याची शक्यता आहे, तर मग त्या ओळीच्या मागे कशाला लागायचे? विलंब आणि मनस्ताप दोन्ही वाढतील असे वाटते. पेन्शन मिळाली की माजी सैनिकाचे ओळखपत्रही मिळेलच ना?

माणदेशी जवान:

आपला प्रश्न आपुलकीचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. ताईंनी कायद्याच्या अंगाने उत्तर दिलेच आहे. माझे उत्तर दुसरे आहे.

माझ्या मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे. सैनिकांच्या मुलांसाठीच्या प्रवेशात प्राधान्यक्रम असतो, आणि सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाने बोर्ड आउट झालेल्यांची मुले त्यात चौथ्या क्रमांकावर येतात, साध्या माजी सैनिकांच्या मुलांच्या आधी. तिथे 'सेवेमुळे' हाच शब्द तपासला जातो. परंतु प्रवेश हेही पूर्ण कारण नाही. त्या दिवशी पान वाचल्यानंतर मुलीने मला विचारले, "मग बर्फात पडलात ते?" लहानपणापासून तिला मी ती गोष्ट सांगत आलो आहे. तिने अविश्वासाने विचारले नव्हते, तिला फक्त समजत नव्हते. सरकारी शिक्का असलेल्या कागदावर एक आणि बापाच्या तोंडून दुसरे, असे तिच्यासमोर राहू नये एवढीच माझी इच्छा आहे. माझ्याबरोबर जेरीकॅन वाहणाऱ्या तिघांपैकी एक जण पुढे त्याच भागात कामी आला. आम्ही त्या वाटेवर होतो, हे कागदावर असले पाहिजे.

पांढरा कोट:

मी लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो आहे आणि अशा अनेक मंडळांवर सदस्य म्हणून बसलो आहे. त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने काही सांगणे माझे कर्तव्य आहे.

मंडळापुढे सैनिक काही मिनिटे उभा असतो आणि त्याची फाइल मात्र कायम समोर असते. तीन डॉक्टर प्रामुख्याने ती फाइल वाचतात. इजेचा अहवाल नसेल, पहिला दाखला 'रजेवरून दाखल' असा असेल आणि निवेदनात 'रजेवर' हा शब्द असेल, तर बहुतेक मंडळे आपल्या प्रकरणात जे लिहिले तेच लिहितील. त्यांच्या मनात आकस असतो असे नव्हे. पण ज्या चौकीवर डॉक्टरच नाही, तिथला इजेचा अहवाल कोण भरणार, हा प्रश्न टेबलावर बसलेल्याने स्वतःला विचारायला हवा होता. मी तो प्रत्येक वेळी विचारला, असे छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

दुसरे असे की मणक्यातील चकती सरकणे हा पुष्कळदा झिजेचा आजार असतो आणि तो कधीही वजन न उचललेल्या माणसालाही होतो. सरकारी बाजू हे सांगेल, आणि ते वैद्यकशास्त्राला धरून आहे. म्हणून आपण केवळ 'बर्फात पडलो' यावर थांबू नका. पंचविशीतील तरुणाला, भरतीच्या वेळी पाठ पूर्ण निर्दोष असताना, उंच भागात महिनोन्महिने ओझे वाहिल्यानंतर आणि एका निश्चित आघातानंतर हा त्रास झाला, अशी साखळी मांडा. नियमात 'उद्भवले' आणि 'बळावले' असे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर वादग्रस्त ठरले, तरी दुसऱ्याचे 'होय' पेन्शनला पुरेसे असते. झिजेची सुरुवात आधीपासून होती असे मानले तरी वीस लिटर रॉकेलने ती बळावली नाही, असे कोण म्हणेल?

आणि एक विनंती. आपल्या चौदा पानांत २९ एप्रिल २००१ चे दाखल होतानाचे पान आहे का? असल्यास सर्जनने वरच्या भागात स्वतःच्या हाताने जे लिहिले आहे ते अक्षरशः इथे उतरवा. अर्थ लागला नाही तरी चालेल. नाव, क्रमांक मात्र टाकू नका.

माणदेशी जवान:

डॉक्टरसाहेब, ते बारावे पान आहे. कार्बन प्रत आहे, निळी शाई पुसट झाली आहे. मुलीने भिंग घेऊन उतरवले ते असे: पहिल्या ओळीत 'एल बी ए' आणि पुढे '१०/५२'. दुसऱ्या ओळीत 'रेडिएटिंग लेफ्ट लेग' आणि पुढे '३/७'. नंतर 'ऑन ए/एल'. त्यापुढे प्लस-मायनसच्या खुणा आणि पायाचे कोन आहेत. १०/५२ हा वॉर्ड आणि खाटेचा क्रमांक असावा असे आम्हाला वाटले.

पांढरा कोट:

तो खाटेचा क्रमांक नाही.

आम्हा डॉक्टरांची ती जुनी लिहिण्याची पद्धत आहे. खाली ७ असेल तर वरचा आकडा दिवसांचा, खाली ५२ असेल तर आठवड्यांचा, खाली १२ असेल तर महिन्यांचा. त्या सर्जनने लिहिले आहे की कंबरदुखी दहा आठवड्यांपासून आहे आणि डाव्या पायात उतरणारी कळ तीन दिवसांपासून आहे. आपली रजा ८ एप्रिलला सुरू झाली, म्हणजे दाखल होताना ती तीन आठवड्यांची होती. २९ एप्रिलपासून दहा आठवडे मागे मोजा. १८ फेब्रुवारी येते. आपण १७ फेब्रुवारी सांगत आहात.

'ऑन ए/एल' म्हणजे तो वार्षिक रजेवरून आलेला आहे, एवढेच. इजा रजेवर झाली असे त्या पानावर कुठेही लिहिलेले नाही. दोन वर्षांनी कोणीतरी 'रजेवर' हा शब्द उचलला आणि 'दहा आठवडे' सोडून दिले. रुग्ण दाखल होतो त्या क्षणी, पेन्शनचा विचारही कोणाच्या मनात नसताना, डॉक्टरने विचारून लिहिलेला इतिहास हा सगळ्यात विश्वसनीय मानला जातो. ते पान जपून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कार्बनची शाई चिकटून उठते. साध्या कागदी पाकिटात ठेवा.

कृष्णाकाठ:

हे वाचून डोळ्यांत पाणी आले. माझे यजमान २०१२ मध्ये गेले. त्यांच्या कागदांतही असेच आकडे होते आणि आम्ही ते कधी कोणाला दाखवलेच नाहीत. जवानदादा, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. डॉक्टरसाहेब, आमच्याकडची पाने पाठवली तर पाहाल का?

पांढरा कोट:

वहिनी, जरूर पाठवा. व्यक्तिगत निरोपातून पाठवा, उघड धाग्यावर नको.

न्यायपथ:

डॉक्टरसाहेबांचे मनापासून आभार. या एका पानाने प्रकरणाची बांधणी बदलते, म्हणून पुढची दिशा इथेच लिहिते.

आता आपण वैद्यकीय मत बदलायला सांगत नाही, तर ज्या वस्तुस्थितीवर ते मत बसले होते ती वस्तुस्थिती मंडळाच्याच कागदांशी विसंगत आहे, असे म्हणतो. हा फरक मोठा आहे. तज्ज्ञांच्या मताला न्यायाधिकरण सहसा हात लावत नाही, पण त्याच फाइलमधले पान न वाचता दिलेले मत टिकत नाही. मंडळाने कारणे दिलेली नसणे आणि समोरचा पुरावा सोडून देणे, हे दोन्ही मुद्दे आपण एकत्र मांडू.

हेडक्लार्कसाहेबांनी सांगितलेल्या पार्ट टू ऑर्डरचे महत्त्व आता दुप्पट झाले आहे. रजेची सुरुवात ८ एप्रिल ही तारीख केवळ आपल्या आठवणीतून येऊन चालणार नाही, ती सरकारी कागदावरून आली पाहिजे. दहा आठवडे आणि तीन आठवडे यांतील फरकावर सगळा डोलारा उभा आहे, म्हणून त्यातला एकही खांब तोंडी नको. दोन साथीदार हयात असतील, तर त्यांची प्रतिज्ञापत्रे घ्या. त्यांनी स्वतः पाहिले तेवढेच लिहावे, तारीख आठवत नसेल तर 'फेब्रुवारीत, बर्फ असताना' असेच लिहावे. ठरवून दिलेल्या एकसारख्या वाक्यांची प्रतिज्ञापत्रे प्रकरणाचे नुकसान करतात.

कोणी २०२३ च्या नव्या पात्रता नियमांचा उल्लेख केल्यास गोंधळून जाऊ नका. ते २१ सप्टेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहेत. आपल्याला १९८२ चेच नियम लागू होतात. त्याचप्रमाणे दहा वर्षांहून कमी सेवा असलेल्यांना इन्व्हॅलिड पेन्शन, म्हणजे वैद्यकीय कारणाने मुक्त झालेल्यांची पेन्शन, देणारा १६ जुलै २०२० चा आदेश ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरता आहे. तो आपल्या मुख्य मागणीचा आधार करू नये.

आधी अपील करू, त्याची पोच घेऊ, आणि सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर न्यायाधिकरणात जाऊ. पेन्शन मिळाली की आरोग्य योजनेचे सदस्यत्व आणि ओळखपत्र हे प्रश्न पाठोपाठ सुटतील. आपण म्हणता त्या ओळीसाठी मात्र मागणीच्या परिच्छेदात स्वतंत्र कलम लागेल. ते आपल्या शब्दांत लिहून पाठवा, मी त्याला कायद्याची भाषा देईन.

जुना हेडक्लार्क:

एक पुस्ती जोडतो. माहिती अधिकाराच्या अर्जात 'माझे सर्व कागद द्या' असे लिहू नका, उत्तर मोघम येते. 'एप्रिल २००१ मध्ये माझ्या वार्षिक रजेबाबत प्रसिद्ध झालेल्या पार्ट टू ऑर्डरची साक्षांकित प्रत' असे नेमके लिहा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच पाकिटात ठेवा.

माणदेशी जवान:

सर्वांचा मी ऋणी आहे. आज सकाळी तालुक्याच्या पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घेऊन अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. एक साथीदार बेळगावच्या बाजूला शेती करतो, त्याच्याशी बावीस वर्षांनी फोनवर बोललो. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "तो जेरीकॅन फुटला नव्हता, तुझ्या पाठीमागून मीच तो वर नेला." दुसऱ्याचा पत्ता तो शोधून देणार आहे.

ताई, मागणीचे कलम मुलीने आणि मी मिळून असे लिहिले आहे: "अर्जदाराच्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीतील 'रजेवर असताना इजा झाली' हे वाक्य रद्द करावे आणि त्या जागी, 'दिनांक १७ फेब्रुवारी २००१ रोजी नियंत्रण रेषेजवळील चौकीवर रसद वाहत असताना पडल्याने इजा झाली, रजेच्या काळात ती वाढली', अशी नोंद घ्यावी."